देशाला सांगा, बाळ झोपलंय

ग्रंथपालकाकांना उभ्या आयुष्यात कधी कुणावर ओरडावं लागलं नव्हतं. वाचनालयात कुणी कुजबुजलंच तर ते खुर्चीवरून उठत, त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन नुसते उभे राहत. माणूस वर बघे, काकांचा चेहरा बघे आणि गप्प होई. त्याच्यापेक्षा काकाच जास्त ओशाळलेले दिसत, आणि एवढ्या म्हाताऱ्या माणसाला आणखी ओशाळायला लावणं कुणाच्या जिवावर येणार नाही?

असा हा माणूस निवृत्तीनंतर थेट सरकारच्या वाटेला गेला, त्याचं कारण चार महिन्यांचं होतं आणि पाळण्यात पालथं झोपायचा हट्ट धरत होतं.

जावई कामासाठी दूर गेलेला असल्यामुळे लेक बाळाला घेऊन राहायला आली होती. बाळाचं नाव अजून भांडणात होतं, तोवर सगळे तिला पिटुकली म्हणत. लेक पुलांचे आराखडे काढायची. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी तिने एका पुलाचं काम अर्ध्यावर आणून ठेवलं होतं, आणि उद्या दुपारच्या बैठकीत तो पूल तिच्याकडे राहणार की दुसऱ्या कुणाच्या पदरात पडणार, हे ठरायचं होतं. ऑफिस चालत दहा मिनिटांवर. बैठक दोन तासांची. एवढ्याशा गोष्टीत अडचण यायचं कारण नव्हतं, पण त्याच आठवड्यात काकू न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये घालून बसल्या. म्हणजे घरात सूचना द्यायला काकू होत्या आणि हात म्हणून फक्त काका उरले होते.

आता खरी गोम अशी, की चार महिन्यांत काकांनी पिटुकलीला एकदाही उचललं नव्हतं. कधी "माझे हात गार आहेत", कधी "आत्ताच शिंक आली", कधी "चष्मा पुसतो आणि घेतो". तो चष्मा इतका पुसला गेला की काचा झिजायच्या बाकी होत्या. शंभर वर्षांपूर्वीची जीर्ण पानं उलटणारे हे हात पाळण्याजवळ गेले की थरथरायचे. पानाला कडेने धरता येतं. बाळाला कड कुठली असते, हे त्यांना कळत नव्हतं.

"बाबा, मी तिला झोपवून जाते," लेक म्हणाली. "साडेअकराला झोपली की दीडपर्यंत हलत नाही. तुम्ही नुसतं बाजूला बसायचं. उचलायची वेळच येणार नाही."

"वेळच येणार नाही ना?" काकांनी खात्री करून घेतली.

"आली तर उचलाल," काकू आतून म्हणाल्या. "ग्रंथ नाही ती. पान फाटणार नाही."

त्या संध्याकाळी काकांनी एक जाडजूड शब्दकोश टॉवेलात गुंडाळला आणि खांद्यावर थोपटत खोलीत फेऱ्या मारल्या. वजन साधारण सारखंच होतं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले दंतवैद्य वर्तमानपत्र परत करायला आले आणि उघड्या दारातून हे दृश्य बघून दोन पावलं मागे सरले.

"झोपली का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हा शब्दकोश आहे," काका म्हणाले.

"अच्छा," दंतवैद्य म्हणाले. चार माणसांत वागायची त्यांना उत्तम सवय असल्यामुळे त्यांनी आणखी काही विचारलं नाही. नुसतं वर्तमानपत्र पुढे केलं. त्याच्या पहिल्या पानावर चौकटीत बातमी होती: उद्या दुपारी बारा वाजता देशातल्या सगळ्या मोबाइल फोनवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी घेण्यात येईल, फोनचा आवाज बंद असला तरीही मोठा भोंगा वाजेल, नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

ही शेवटची ओळ वाचून काका घाबरून गेले.

घरातले दोन फोन बंद करणं अवघड नव्हतं. पण त्या बिल्डिंगच्या भिंतींची जाडी बिल्डरने आपल्या मनाच्या मोठेपणाएवढीच ठेवली होती. कुणाकडे चमचा पडला की तीन घरांतली माणसं आपापल्या स्वयंपाकघरात जाऊन बघत. वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाई, खाली विमावाले, समोर दंतवैद्य, आणि बाजूला खुद्द बिल्डिंगचे अध्यक्ष. चारी दिशांनी भोंगा वाजला तर पिटुकली उठणार. उठली की रडणार. रडली की उचलावी लागणार.

काकांनी बातमीखालचा चौकशी क्रमांक फिरवला. पुष्कळ संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलायला लागली.

"बोला सर, काय मदत करू?"

"उद्याच्या चाचणीतून एक घर वगळता येईल का? घरात बाळ आहे."

"बाळाच्या नावावर मोबाइल नंबर आहे का सर?"

"नाही. ती चार महिन्यांची आहे."

"मग तिला इशारा येणारच नाही सर. आणखी काही?"

"तसं नव्हे. भोंग्यामुळे ती झोपेतून उठेल."

"सर, लोकांनी उठावं म्हणूनच भोंगा असतो."

हे बिनतोड होतं. तरी काकांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "रात्रीही फार झोपत नाही हो ती."

"माझीपण तशीच होती," मुलगी एकदम हळू आवाजात म्हणाली. "पंखा मोठा ठेवा, घरघरीने झोपतात." आणि लगेच पहिल्या आवाजात, "आमची सेवा कशी वाटली, त्यासाठी एक ते पाचपैकी एक अंक दाबा."

काकांनी पाच दाबला. सरकारकडून एवढी माया त्यांना पहिल्यांदाच मिळत होती.

मग ते शेजाऱ्यांकडे निघाले. निघाले म्हणजे आपल्याच दाराशी बराच वेळ उभे राहून, दोनदा चपला बदलून निघाले. उद्या बाराच्या सुमारास फोन बंद ठेवाल का, एवढंच विचारायचं होतं. पहिलं दार दंतवैद्यांचं.

"बंद कसा करू काका?" दंतवैद्य म्हणाले. "बंद केला की चालू होताना कोड मागतो. कोड बायकोला ठाऊक आहे आणि तिची-माझी गेल्या सोमवारपासून बोलाचाली बंद आहे. त्यापेक्षा असं करा, उद्या दुपारपर्यंत तुम्हीच ठेवा हा. बारा वाजता माझा हात कुणाच्या तरी तोंडात असणार. भोंगा ऐकून त्याने तोंड मिटलं म्हणजे?"

फोन काकांच्या हातात आला. 'नाही' हा शब्द काकांच्या शब्दकोशात होता, पण त्या पानापर्यंत ते कधी वेळेवर पोचत नसत.

विमावाल्यांकडे दोन फोन होते. त्यांना आधीच पक्की बातमी लागली होती. "काका, भोंगा झाला की फोनमधलं सगळं धुऊन निघतं. फोटो, नंबर, सगळं. माझ्या साडूच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं."

"पण तशी बातमीत काही..."

"बातमीत कसं देतील? लोक घाबरतील ना! तुमच्याकडे ठेवतो दोन्ही. तुम्ही सुशिक्षित माणूस. पण बंद करू नका हं. एका गिऱ्हाइकाचा फोन यायचाय, माणूस मरायला टेकलाय आणि अजून सही झालेली नाही."

गाण्याच्या बाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "बाळासाठी ना? घेऊन जा माझा फोन. उद्या दुपारचा रियाजसुद्धा बंद ठेवते." हे ऐकून काकांचेही डोळे भरून आले. अर्थात, त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी थोडं रियाज बंद राहणार म्हणूनही होतं.

अध्यक्षांकडे काका वेगळ्याच कामासाठी गेले. एवढे फोन घरात ठेवण्यापेक्षा तळमजल्यावरच्या सभागृहात ठेवावेत, असा त्यांचा विचार होता.

"सभागृह?" अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "त्यासाठी लेखी अर्ज लागतो. अर्ज कमिटीपुढे जातो. कमिटी महिन्याच्या पहिल्या रविवारी बसते."

"चाचणी उद्या आहे."

"मग पुढच्या चाचणीसाठी धरू."

"पुढची कधी आहे?"

"ते सरकार ठरवणार. सरकारच्या कारभारात आपण ढवळाढवळ करत नाही." मग अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि काकांच्या हातात कोंबला. "हा मी खाजगी नात्याने देतोय. मला रक्तदाब आहे."

एका दाराचं दुसऱ्या दाराला कळलं, दुसऱ्याचं तिसऱ्या मजल्याला. रात्रीच्या जेवणापर्यंत काकांच्या दारात रांग लागली. लेक आतल्या खोलीत दार लावून उद्याच्या आराखड्यांत बुडाली होती, तिला यातलं काही कळलं नाही. काकांना रांगेची सवय होती. वाचनालयात येणाऱ्यांच्या पिशव्या ठेवून घेऊन ते हातात पितळी बिल्ला देत, बिल्ला परत आला की पिशवी परत. निवृत्तीच्या वेळी वाचनालयाने ते जुने बिल्ले त्यांनाच भेट देऊन टाकले होते, कारण मोडीत फारसे पैसे येत नव्हते. काकांनी ते कपाटातून काढले, पुसले आणि एकेका फोनमागे एकेक देत गेले. फार दिवसांनी त्यांचे हात थरथरत नव्हते. शेवटचा बिल्ला संपला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही तृप्ती होती की काकूंना बोलवेना. पण काकू बोलल्याच.

"अहो, एक विचारू? आग लागू नये म्हणून तुम्ही सगळ्या बिल्डिंगच्या चुली आपल्या घरात आणून ठेवल्यात का?"

काकांनी टेबलाकडे बघितलं. टेबल फोनांनी भरलं होतं. टेबलापासून पाळणा एका भिंतीपलीकडे होता. ही बाजू खरोखरच त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

"परत करून येऊ का?" ते क्षीण आवाजात म्हणाले.

"आता? रांगेतल्या एवढ्या माणसांना पुन्हा 'नको' म्हणून सांगाल?"

तेही खरंच होतं. शेवटी माळ्यावरून पत्र्याची मोठी पेटी काढली. तळाशी दोन रजया, त्यावर फोन, वर आणखी तीन रजया आणि काकांचा गरम कोट. पेटी पाळण्यापासून सगळ्यात लांब, स्वयंपाकघराच्या पलीकडच्या कोपऱ्यात सरकवली. उद्या झाकण लावताना कुलूप घालायचं ठरलं, कारण लोकांची वस्तू.

"आपला एक तरी फोन बाहेर ठेवा," काकू म्हणाल्या.

"लोकांचे चालू फोन आत आणि आपले बंद किंवा बाहेर? हे नीतीला धरून होणार नाही."

दुसऱ्या दिवशी लेकीने पिटुकलीला झोपवलं, पंख्याचा वेग वाढवला, पाळण्यात तीनदा वाकून बघितलं. तिच्या खांद्यावर आराखड्यांची लांब नळी होती. इतक्या महिन्यांनी तिने ऑफिसचे कपडे घातले होते आणि त्यात ती थोडी अवघडल्यासारखी दिसत होती.

"जाऊ ना, बाबा?"

"जा, जा. इथली काळजी करू नकोस."

"तुमचे हात गार पडलेत."

"ते नेहमीचंच."

लेक दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली, पुन्हा उतरली. तिच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत काका दारात उभे होते. मग त्यांनी पेटीला कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि पाळण्याशेजारच्या आरामखुर्चीत बसले. काकूही प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या. पंखा घरघरत होता. त्या नंबरवरच्या मुलीला काकांनी मनातल्या मनात आणखी एक पाच दिला.

बारा वाजले.

आधी रस्त्यावरून काहीतरी आल्यासारखं वाटलं, हजारो भांडी एकाच वेळी कण्हावीत तसं. मग पेटी बोलली. रजया पाच होत्या, कोट चांगल्या कापडाचा होता, तरी पेटीतून गुदमरलेला, पोटातून आल्यासारखा एक हुंकार उठला. त्यात ते सगळे फोन थरथरायला लागले आणि पत्रा खडखडू लागला. स्वयंपाकघराच्या गुळगुळीत फरशीवर पेटी हळूहळू पुढे सरकत होती. काका डोळे विस्फारून दारातून बघत राहिले. पेटी वीतभर चालली, ओट्याच्या पायाला टेकली आणि थांबली. हुंकारही थांबला.

दोघांनी पाळण्यात पाहिलं. पिटुकलीने ओठ पुढे काढले, एक लांबलचक उसासा टाकला, आणि झोपून राहिली.

काका आणि काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या आनंदाने त्यांनी एकमेकांकडे फार वेळा पाहिलं नसेल. काकूंनी चांगला हात पुढे केला, काकांनी तो हातात घेतला. सगळा देश ओरडला होता आणि त्यांच्या घरातलं बाळ झोपलं होतं.

आणि दाराची घंटा वाजली.

घंटा! काकांनी भिंतींचा विचार केला होता, पंख्याचा केला होता, चमचे उचलून ठेवले होते. चाचणी संपल्यासंपल्या सगळी बिल्डिंग आपापला फोन घ्यायला धावेल आणि पहिला हात घंटेवर पडेल, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. घंटा पुन्हा वाजली. मग अध्यक्षांनी, आपण अध्यक्ष आहोत म्हणून, ती दाबून धरली.

पिटुकलीने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आणि तिला जे म्हणायचं होतं ते म्हणायला सुरुवात केली.

"उचला!" काकू म्हणाल्या.

"माझे हात..."

"अहो, गार असू देत! उचला!"

काका उठले. पाळण्यावर वाकले. लाल झालेला चेहरा, मिटलेल्या मुठी, आणि एवढ्याशा छातीतून येणारा तो आवाज. काकांनी एक हात मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली, डोळे मिटून घेतले आणि उचललं. डोळे उघडले तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर होती. कड कुठली, हे शोधायची वेळच आली नव्हती. तिनेच त्यांच्या शर्टाची कॉलर घट्ट धरून ठेवली होती.

रडणं मात्र थांबेना. काकूंनी जाऊन दार उघडलं. दारात बिल्ले घेऊन पंधरावीस माणसं.

"गाणं म्हणा काहीतरी," काकू म्हणाल्या.

काकांना गाणं येत नव्हतं. त्यांना जे येत होतं ते त्यांनी तिच्या कानाशी पुटपुटायला सुरुवात केली. "शंभर, तत्त्वज्ञान. दोनशे, धर्म. तीनशे, सामाजिक शास्त्रं. चारशे, भाषा..." पुस्तकं फडताळात लावायचे हे आकडे त्यांनी आयुष्यभर मनात घोळवले होते. आवाज एकाच पट्टीत, वर नाही की खाली नाही. "पाचशे, विज्ञान. पाचशे दहा, गणित. पाचशे वीस, ग्रहतारे..."

ग्रहताऱ्यांपाशी पिटुकलीने एक हुंदका गिळला. वनस्पती आणि प्राणी येईपर्यंत तिची मूठ सैल झाली.

"एकच सूर आहे," गाण्याच्या बाई दारातून हळूच म्हणाल्या, "पण काय लागलाय!"

सहाशेला ती झोपली. काका अलगद खुर्चीत टेकले. पिटुकली त्यांच्या छातीवर पालथी, गाल डाव्या खिशावर.

"काका, फोन?" विमावाल्यांनी चवड्यांवर आत येत विचारलं.

काकूंनी पेटीकडे बोट दाखवलं. पेटीला कुलूप होतं. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी नजरेने आपल्या खिशाकडे खूण केली. खिशावर गाल होता, गालावर झोप होती.

बिल्डिंगच्या इतिहासात इतका गंभीर पेच आधी उद्भवला नसावा.

"कमिटीने असा निर्णय..." अध्यक्ष नेहमीच्या आवाजात सुरू झाले.

"शू!" पंधरावीस माणसं म्हणाली. अध्यक्षांना अशी एकमुखी सूचना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली. ते खाली बसले.

एकेक करत सगळेच बसले. काही दिवाणावर, काही जमिनीवर, विमावाले पुस्तकांच्या कपाटाला टेकून. खिशात फोन नसल्यामुळे हातांचं काय करावं, कुणाला सुचेना. दर थोड्या वेळाने कुणाचा ना कुणाचा हात खिशाकडे जाई आणि बिल्ला चाचपून परत येई.

"सगळ्या देशाने ऐकला भोंगा," एक जण कुजबुजला, "आपल्या बिल्डिंगनेच नाही ऐकला."

"खरंच की हो," अध्यक्ष कळवळले. "नातेवाईक विचारतील, कसा होता? काय सांगायचं?"

"पेटीसारखा होता म्हणून सांगा," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात पेटी वाजली. भोंगा नव्हे, साधा फोन. सगळ्यांनी कान टवकारले.

"तो आमचा," काकू म्हणाल्या. "ह्यांचा."

फोन वाजून थांबला. मग दुसरा वाजला, तो काकूंचा. थांबला. मग तिसरा, तो दंतवैद्यांचा. मग वरच्या गाण्याच्या बाईंचा. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. या चारही फोनांचे नंबर एकाच माणसाकडे होते.

"लेक," ते नुसत्या ओठांनी म्हणाले.

तिने भोंगा ऐकला असणार. बाळ उठलं असेल म्हणून फोन केला असणार. बाबा उचलत नाहीत, आई उचलत नाही, शेजारी उचलत नाहीत, अख्खी बिल्डिंग उचलत नाही. ती बैठकीत नीट बसावी म्हणून हा सगळा खटाटोप, आणि आता त्याच खटाटोपापायी ती तिथे कशी बसली असेल, हे काकांना त्या पेटीच्या आवाजावरून दिसत होतं. पूल हातचा जाणार. आपल्यामुळे जाणार. काका उठायला लागले. पिटुकलीने भुवया आवळल्या. ते पुन्हा टेकले.

"थांबा," दंतवैद्य म्हणाले. "अरुंद जागेतून वस्तू काढणं हाच माझा धंदा आहे." ते धावत खाली दवाखान्यात गेले आणि एक नाजूक चिमटा घेऊन आले.

"पेशंट?" काकूंनी विचारलं.

"खुर्चीत आहे. तोंड उघडं ठेवायला सांगितलंय." ते काकांवर वाकले. "काका, अजिबात हलू नका. दुखलं तर डावा हात वर करा. अरे हो, डावा हात बाळाखाली आहे. मग करू नका."

गाल आणि कापड यांच्यामधून चिमटा आत गेला. सगळ्या खोलीने श्वास रोखला. विमावाल्यांनी डोळे मिटले. चिमटा किल्लीला लागल्याचा बारीक आवाज आला, आणि त्याच क्षणी पिटुकलीने झोपेतच हात पसरून दंतवैद्यांचं बोट पकडलं.

"सोडा," अध्यक्ष कुजबुजले.

"मी कुठे धरलंय?" दंतवैद्य वाकल्या वाकल्या म्हणाले. "तिनेच धरलंय."

"ओढून घ्या."

"ओढवत नाही हो."

आणि खरंच ओढवेना. ते तसेच कमरेत वाकून उभे राहिले. चेहऱ्यावर आधी घाम होता, मग हसू आलं. पेटीत फोन पुन्हा वाजला, वाजत राहिला, थांबला. गाण्याच्या बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढलं. कुणीतरी दुसरं काढलं. अध्यक्षांनी फार मोठ्या आकाराचं एक पुस्तक मांडीवर घेतलं, कारण त्यात चित्रं होती. पानं उलटल्याचा आवाज आणि पंख्याची घरघर, बाकी काही नाही. एरवी काकांना यात स्वर्ग दिसला असता. आत्ता त्यांचे डोळे दाराकडे लागले होते.

पायऱ्यांवर पावलं वाजली. धावत येणारी.

लेक दारात उभी राहिली. केस सुटलेले, छाती धपापतेय, खांद्यावर ती लांब नळी. ती आत बघत राहिली. घरभर शेजारी, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, समोरचे डॉक्टर कमरेत वाकलेले, आई प्लास्टरचा हात ओठांशी नेऊन 'शू' करतेय, आणि मधोमध बाबा.

बाबांच्या छातीवर पिटुकली.

काकाच आधी बोलले, तेही जेमतेम ऐकू येईल असं. "चुकलंच माझं. फोन पेटीत होते. सगळ्यांचे. तुझी बैठक..."

"अर्ध्या तासात येते म्हणून सांगून आलेय," लेक म्हणाली. ती पुढे आली, खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. पिटुकलीच्या पाठीवर तिने हात ठेवला. पाठ संथ वरखाली होत होती. मग तिने बाबांचा हात चाचपला. तो गरम होता.

"घे तिला," काका म्हणाले. "सावकाश घे. मानेखाली हात घाल." हे आपण कुणाला शिकवतोय, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

लेकीने हात पुढे केले. तिने बाळाकडे पाहिलं, बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतले.

"नको," ती म्हणाली. "छान झोपलीये. राहू दे तुमच्याकडे."

"पण उठली तर?"

"उठली तर आहात की तुम्ही."

ती उठली. दारापाशी तिने नळी सावरली, केस बांधले. दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. काका वाट बघत होते, ती पुन्हा वर येईल म्हणून. ती आली नाही. पावलं सरळ खाली गेली, रस्त्याला लागली आणि ऐकू येईनाशी झाली.

"अहो," काकू बऱ्याच वेळाने कुजबुजल्या, "हात अवघडला असेल. उशी देऊ?"

हात केव्हाच बधिर झाला होता. काकांनी मान हलवून नको म्हटलं, आणि पिटुकलीचा श्वास मोजत बसून राहिले.